मामा म्बोगाला वीस हजार शिलिंग उसने द्यावेत का?

वाळव्याची_लेक

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय, आणि प्रश्न मनापासून आहे.

आम्ही सहा वर्षं पश्चिम केनियात, काकामेगाच्या बाजूला राहतो. नवरा साखर कारखान्यात इंजिनियर. आमच्या क्वार्टर्सच्या फाटकाशी एक बाई भाजी विकायला बसते. इथे भाजीवालीला मामा म्बोगा म्हणतात. मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी. तिच्याकडे टोमॅटो, कांदे आणि सुकुमा विकी ही पालेभाजी असते. सुकुमा विकी म्हणजे 'आठवडा ढकल'. पगार होईपर्यंत घर या भाजीवर चालतं म्हणून हे नाव.

गेल्या शुक्रवारी तिने मला वीस हजार शिलिंग मागितले. आपले साधारण तेरा-चौदा हजार रुपये. उधळायला नव्हे, हिशेब तोंडपाठ होता तिचा. आत्ता सुगी आहे, मका स्वस्त आहे. सात-आठ पोती घेऊन ठेवायची आणि मे-जूनमध्ये, जेव्हा घराघरांतल्या कणग्या रिकाम्या होतात, तेव्हा गोरोगोरोने (इथलं दोन किलोचं डब्याचं माप) विकायची.

तिने आधी एका सूक्ष्म-वित्त (मायक्रोफायनान्स) संस्थेचं कर्ज घेतलं होतं. पाच जणींनी एकमेकींना जामीन राहायचं. त्यातली एक गाव सोडून गेली. उरलेल्या चौघींनी तिचे हप्ते भरले, आणि हिची शेळी गेली. त्यामुळे तिथे परत जायचं नाही म्हणते. फोनवर कर्ज मिळतं, पण ते महिनाभराचं. तिचा बायकांचा गट आहे, त्याला इथे चामा म्हणतात, पण तिथून एवढी रक्कम मिळत नाही.

नवरा म्हणतो, दे आणि विसरून जा. मला विसरायचं नाहीये. तिचा धंदा उभा राहावा असं वाटतं आणि आमचं रोजचं बोलणंही टिकावं असं वाटतं. कोणी आफ्रिकेत राहिलंय का? बचत गटात काम केलंय का? काय करू?

गवतीचहा

देऊ नका. पैसे अडकले की ती फाटकावर बसायचं बंद करेल. पैसेही गेले, भाजीही गेली.

नर्मदाकाठ

मी देईन. वीस हजार शिलिंगांत तुमचा संसार बुडणार नाही, तिचा उभा राहू शकतो.

गवतीचहा

@नर्मदाकाठ, माझ्या आईने धुणंवालीला दिलेले पैसे आठवले म्हणून लिहिलं. ती बाई चांगलीच होती. लाजेने यायची बंद झाली. आईला पैशांपेक्षा ते लागलं.

निळावंती

ताई, फार चांगला विषय काढलात. मी नायजर आणि नंतर मलावीत मिळून अकरा वर्षं होते, त्यामुळे जरा लांब लिहिते.

तुमच्या भाजीवालीच्या चामाला कमी लेखू नका. ग्रामीण आफ्रिकेत बाईला धंद्यासाठी पैसा मिळतो तो बँकेकडून फार थोडा. मिळतो तो एकमेकींकडून. सेनेगल, बेनिन, कॅमेरूनमध्ये तोंतीन, नायजेरियात योरुबा लोकांची एसुसु, दक्षिण आफ्रिकेत स्टोकवेल, इथिओपियात इकुब. सगळीकडे मूळ एकच: ठरावीक बायकांनी ठरावीक दिवशी पैसे टाकायचे आणि आळीपाळीने एकीने सगळे उचलायचे.

त्यात अडचण अशी की ज्या दिवशी गरज आहे त्या दिवशी पाळी येईलच असं नाही. यावर नायजरमध्ये १९९१ साली केअर या संस्थेने मरादी भागात बायकांसोबत एक पद्धत बसवली. हौसा भाषेत तिचं नाव 'माता मासु दुबारा'. माता म्हणजे हौसात बायका, हे ऐकून मी पहिल्या दिवशीच हरखले होते. अक्षरओळख नसलेल्या बायका सगळा हिशेब तोंडी ठेवायच्या. बैठक संपताना पेटीत किती शिल्लक आहे ते मोठ्याने सांगायचं, सगळ्यांनी ध्यानात ठेवायचं, पुढच्या बैठकीत पेटी उघडण्याआधी पुन्हा म्हणायचं.

आता ही पद्धत खंडभर पसरली आहे. पंधरा ते पंचवीस-तीस जणी. लोखंडी पेटीला तीन कुलुपं, तीन किल्ल्या तिघींकडे, पेटी चौथीकडे. प्रत्येक बैठकीत एक ते पाच हिस्से विकत घ्यायचे, पासबुकात तेवढे शिक्के मारायचे. जमलेल्या पैशातून कर्ज, बहुतेक ठिकाणी स्वतःच्या बचतीच्या तिपटीपर्यंत. आजारपण आणि मयतीसाठी वेगळा निधी. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नऊ-बारा महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करून हिस्स्यांप्रमाणे वाटप. मलावीत याला 'बांकी म्खोंदे' म्हणतात, म्हणजे ओसरीवरची बँक. वाटपाच्या दिवशी बायका नवीन लुगडी, म्हणजे तिकडची चितेंजे, नेसून येतात. गाणी होतात. मी तो दिवस कधी चुकवला नाही.

हिशेबनीस

मी सहकारी बँकेत एकतीस वर्षं काढली. निळावंती, प्रतिसाद आवडला, पण व्याज लिहिलं नाहीत. या गटांत महिन्याला पाच ते दहा टक्के घेतात असं वाचलं आहे. दहा टक्के महिना म्हणजे वर्षाला एकशेवीस. आपल्याकडे सावकाराला यासाठी शिव्या देतो.

निळावंती

दर बरोबर आहे. पण ते व्याज जातं कुठे? त्याच पेटीत.

कल्पित उदाहरण घेते. वीस जणी, आठवड्याला दोनशे शिलिंग. वर्षाला एकीचे १०,४००, सगळ्यांचे २,०८,०००. वर्षभरात व्याज आणि दंड मिळून ४१,६०० जमले असं धरा. वाटपाला प्रत्येकीला १२,४८० मिळतात. मलावीत खाजगी सावकारीला 'कातापिला' म्हणतात, तिथलं व्याज गावाबाहेर किंवा एकाच घरात जातं. इथे ते गटातच राहतं.

हिशेबनीस

मान्य. पण सगळ्याजणी सारखं कर्ज घेत नाहीत. जी नेहमी कर्ज घेते ती व्याज भरते, जी नुसती बचत करते तिला ते मिळतं. म्हणजे गटातल्या अडलेल्या बाईकडून गटातल्या सुस्थितीतल्या बाईकडे पैसा जातो. हे लक्षात ठेवायला हवं.

आणि वाळव्याची_लेक यांच्या प्रश्नात मुख्य गोष्ट मुदतीची आहे. पेटीतलं कर्ज बहुधा तीन महिन्यांत फेडायचं असतं. हिला मका सात-आठ महिने ठेवायचा आहे. शिवाय वाटप डिसेंबरात असेल तर त्याआधी सगळी कर्जं परत यायला हवीत. मका तर तोवर पोत्यातच असणार. गट चांगला, बाई चांगली, धंदाही चांगला, पण मुदत जुळत नाही.

वाळव्याची_लेक

@हिशेबनीस काका, अगदी हेच! आज तिला विचारलं. त्यांच्या चामाचं वाटप डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात असतं. मला हे सुचलंच नव्हतं.

भिशीवाली_काकू

आमची भिशी बावीस वर्षं चालू आहे. एकदाच एक बाई उचल घेऊन पुण्याला गेली आणि हप्ते थांबले. आम्ही सगळ्या मिळून तिच्या घरी जेवायला गेलो. तिने बोलावलं नव्हतं, आम्हीच डबे घेऊन गेलो. पुढच्या महिन्यापासून हप्ते सुरू. जामिनापेक्षा शेजार मोठा असतो.

दादर_ते_दारेस्सलाम

काकू, तुमचे डबे टांझानियातही चालतील. इथे साध्या भिशीला उपातु म्हणतात आणि पेटीवाल्या गटांना विकोबा. आमच्या दुकानात काम करणाऱ्या तिघीजणी दोन-दोन विकोबात आहेत.

थोडं अवांतर. स्वाहिलीत पैशाला पेसा, दुकानाला दुका, विम्याला बिमा, गाडीला गारी, लाखाला लाकी म्हणतात. १९२० पर्यंत केनिया-युगांडात चलनही रुपयाच होतं. खेड्यापाड्यांत दुकान टाकलेले आपल्याकडचे लोक, मुख्यत्वे गुजराती, मीठ, कापड, केरोसीन उधारीवर द्यायचे आणि सुगीला वसूल करायचे. त्या उधारीने कितीतरी घरं तगली आणि त्याच उधारीचा कितीतरी लोकांना राग होता. दोन्ही खरं आहे. म्हणून वाळव्याची_लेक, तुम्ही दिलेले पैसे तिथल्या लोकांना 'मुहिंदीने (म्हणजे भारतीयाने) दिलेले पैसे' म्हणूनही दिसतील. द्या, पण जपून द्या. चारचौघींत, लपवून नको.

माळरान

इथिओपियात मी सात वर्षं विद्यापीठात शिकवत होतो (आपल्याकडचे पुष्कळ प्राध्यापक तिकडे होते). आमच्या विभागातली कॉफी करणारी बाई इकुबमध्ये होती आणि इदिरमध्येही. इकुब पैसे उचलायला, इदिर मयतीला. घरात मृत्यू झाला की इदिर तंबू, भांडी, खुर्च्या, जेवण सगळं घेऊन दारात हजर. तिचा नवरा गेला तेव्हा मी स्वतः पाहिलं. दफनाच्या आधी माणसं, स्वयंपाक सगळं जागेवर होतं. कर्जाची चर्चा करताना आपण हे विसरतो की धंद्याचं भांडवल बुडतं ते बरेचदा आजारपणात आणि मयतीत. तो खर्च दुसरीकडून भागला तरच भांडवल वाचतं.

वाळव्याची_लेक

माळरान सर, इथे तर अंत्यविधी आठवडाभर चालतो. लांबचे नातेवाईक येतात, बैल कापतात, वर्गणी घरोघर. फोनवर संदेश येतात. नाही म्हणता येत नाही.

स्पष्टवक्ता

इतकं गोड चित्र बघून लिहावंसं वाटलं. गरीब बाईला कर्ज देणं हा आता मोठा व्यवसाय आहे. घानात मध्यवर्ती बँकेने २०१९ मध्ये एका दिवसात ३४७ सूक्ष्म-वित्त कंपन्यांचे परवाने रद्द केले. त्यातल्या बऱ्याच आधीच बंद पडलेल्या होत्या. लोकांच्या ठेवी अडकल्या, त्यात बाजारात बसणाऱ्या बायका होत्या.

केनियात फोनवरची कर्जं बघा. एम-पेसा, म्हणजे फोनवरून पैसे पाठवायची सोय, २००७ ला आली, चांगलंच झालं. २०१२ ला त्यावर कर्ज देणारं एम-श्वारी आलं. तीस दिवसांना साडेसात टक्के. मग शेकडो अ‍ॅप. हप्ता चुकला की तुमच्या फोनमधल्या सासूला, शेजाऱ्याला, साहेबाला फोन. शे-दोनशे शिलिंगांसाठी लोकांची नावं पतयादीत काळी झाली. शेवटी २०२० मध्ये मध्यवर्ती बँकेला सांगावं लागलं की हजार शिलिंगांखालच्या थकबाकीसाठी नाव टाकायचं नाही, आणि २०२२ च्या नियमांनी असं फोन करून बेअब्रू करायला बंदी आली.

आम्हीही २०१० ला आंध्रात सूक्ष्म-कर्जांच्या वसुलीपायी काय झालं ते पाहिलंय. कर्ज म्हणजे प्रगती हे समीकरण सोडा. त्या बाईला पगाराची नोकरी हवी आहे.

नर्मदाकाठ

@स्पष्टवक्ता, तुमचं सगळं पटलं, शेवटचं वाक्य सोडून. तिने नोकरी मागितलेली नाही, मक्यासाठी पैसे मागितले आहेत.

प्रयोगशील

मी विकास अर्थशास्त्र शिकवते. स्पष्टवक्ता यांच्या मुद्द्याला आधार आहे. २०१५ मध्ये सहा देशांतले सूक्ष्म-कर्जाचे प्रयोग एकत्र छापून आले, त्यात इथिओपियातल्या अम्हारा आणि ओरोमियाची खेडीही होती. निष्कर्ष असा की थोडा फायदा होतो, पण आयुष्य पालटत नाही. सरासरीत.

पण सरासरीच्या आत शिरलं की मजकूर वेगळा दिसतो. तीन अभ्यास सांगते, तिन्ही वाळव्याची_लेक यांच्या कामाचे आहेत.

पहिला तुमच्या शेजारच्याच भागातला, बुमाला गावातला. तिथे बाजारात बसणाऱ्या बायकांना आणि सायकल-टॅक्सीवाल्या पुरुषांना बँकेत साधं बचत खातं उघडून दिलं. व्याज शून्य, उलट पैसे काढायला शुल्क. तरीही बायकांनी त्यात पैसे ठेवले, आणि त्यांची धंद्यातली रोजची गुंतवणूक ३८ ते ५६ टक्क्यांनी वाढली. सायकलवाल्यांमध्ये फरक दिसला नाही. शुल्क भरूनसुद्धा पैसा घराबाहेर ठेवावासा वाटतो, यात सगळं आलं.

दुसरा युगांडातला. ब्रॅक या संस्थेच्या सुमारे तीन हजार कर्जदार बायका. काहींना कर्ज रोख हातात, काहींना त्यांच्या स्वतःच्या वेगळ्या मोबाइल खात्यात. रक्कम तीच, व्याज तेच. आठ महिन्यांनी खात्यात घेतलेल्यांचा नफा १५ टक्के जास्त आणि भांडवल ११ टक्के जास्त. घरातून पैशाची मागणी ज्यांच्याकडे जास्त होती, त्यांना फायदा अधिक.

तिसरा घानातला, शहरी आहे. छोट्या धंदेवाल्या बायकांना रोख अनुदान दिलं तर नफा हलला नाही. तेवढ्याच किमतीचा माल दिला तर वाढला, पण ज्यांचा धंदा आधीच बऱ्यापैकी होता त्यांचाच. अगदी पोटापुरत्या धंद्याला मालानेही हात दिला नाही. हे बोचतं, पण लपवून उपयोग नाही.

उमेदताई

मी लातूर जिल्ह्यात बचत गटांची सीआरपी (गटांना मार्गदर्शन करणारी गावातली कार्यकर्ती) आहे, नऊ वर्षं झाली. इंग्रजी अभ्यास वाचत नाही, पण प्रयोगशील मॅडमनी जे सांगितलं ते माझ्या रजिस्टरमध्ये रोज दिसतं. शेळीसाठी कर्ज, आणि आठ दिवसांनी गेलं तर शेळी नाही. पैसे कुठे गेले? दिराच्या मोटरसायकलला. बाईने फसवलं नाही. घरात पैसा आला हे कळलं की तो बाईचा राहत नाही.

म्हणून आम्ही काय करतो? दोघी-तिघी बाजाराला सोबत जातो, शेळी घेतो, पावती गटात ठेवतो. वीस हजार तिच्या हातात एकदम देऊ नका ताई. आणि तिला विचारा, 'घरी कुणाकुणाला माहीत आहे?' या एका प्रश्नाने सगळं कळतं.

दुसरं. तिच्या नवऱ्याला शत्रू समजू नका. त्याला विश्वासात घ्यायचं की नाही हे तिला ठरवू द्या.

कोकणकडा

उमेदताई, तुमचा प्रतिसाद छापून लावावा असा आहे.

कायद्याचं एक सांगतो. काँगो लोकशाही प्रजासत्ताकात २०१६ मध्ये कायदा बदलेपर्यंत लग्न झालेल्या बाईला कायदेशीर व्यवहार करायला नवऱ्याची परवानगी लागायची, बँकेत खातं उघडायलासुद्धा. जमीन पुरुषाच्या नावावर, म्हणजे तारणही त्याचंच. बाईकडे तारण ठेवायला काय उरतं? शेजारणींचा शब्द. गटाचा जामीन त्यातून आला.

झुंबर

किसुमूला गेलोय कामासाठी. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठी बायका ओमेना नावाची बारीक मासळी वाळवून विकतात. होड्या पुरुषांच्या. मासळी कमी झाली तेव्हापासून काही ठिकाणी मासळी मिळवायला बायकांना कोळ्याशी शरीरसंबंध ठेवावा लागतो. त्याला 'जाबोया' असं नावही आहे. त्यातून एचआयव्ही. २०११ पासून न्दुरूच्या किनाऱ्यावरच्या काही बायकांना मदतीतून स्वतःच्या होड्या मिळाल्या. मालकीण झाल्यावर मासळी कुणाला द्यायची हे त्या ठरवू लागल्या, पुरुषांना मजुरीवर ठेवू लागल्या. पुढे काही होड्या खराब झाल्या, २०२० च्या पुरात गावच पाण्याखाली गेलं.

एका होडीची किंमत म्हणजे काय असते हे तिथे कळलं. कर्ज प्रगती आणतं का, हा प्रश्न त्या किनाऱ्यावर मला विचारता आला नसता.

स्पष्टवक्ता

@झुंबर, हे माहीत नव्हतं. माझं वाक्य मागे घेतो. नोकरी हवी असते हे खरं, पण होडीही हवी असते.

गवतीचहा

धागा भलताच रंगलाय. मी सकाळी 'देऊ नका' लिहून कामाला गेले होते, आता मत बदलावंसं वाटतंय. :)

पश्चिमघाट

मक्याबद्दल कोणीच बोलत नाहीये! मूळ धंदा मक्याचा आहे ना?

मी शेतकरी, तालुका बार्शी. आपल्याकडे कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९० पासून आहे. सोयाबीन, तूर बाजार समितीच्या गोदामात ठेवायची, त्यावर कर्ज उचलायचं, भाव आला की विकायचं. मी दोनदा केलंय. सुगीला विकणारा मरतो, थांबणारा तरतो. पण थांबायला पैसा लागतो.

प्रयोगशील

पश्चिमघाट दादा, नेमका हाच प्रयोग काकामेगाला लागून असलेल्या बुंगोमात झालाय, वन एकर फंड या शेतकऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या सभासदांसोबत. सुगीच्या वेळी कर्ज दिलं तर शेतकरी मका लगेच न विकता थांबले, आणि कर्जावर २९ टक्के परतावा निघाला. कर्ज ऑक्टोबरात दिलं तर जास्त फायदा, जानेवारीत दिलं तर कमी. कारण जानेवारीत शाळा सुरू होतात, फी भरायला मका आधीच विकला गेलेला असतो.

एक गंमत म्हणजे ज्या भागात बऱ्याच जणांना कर्ज मिळालं, तिथे सुगीचा आणि नंतरचा भाव यातली दरी कमी झाली. म्हणजे कर्ज न घेतलेल्यांनाही फायदा, पण घेतलेल्याचा स्वतःचा नफा थोडा कमी.

तुमच्या मामा म्बोगाने हे कुठे वाचलेलं नाही. तिचा हिशेब मात्र तोच आहे.

पश्चिमघाट

मग द्या की पैसे! फक्त मका वाळवून घ्या. ओला मका पोत्यात गेला की बुरशी.

निळावंती

याला दुजोरा, आणि हे गंभीर आहे. २००४ मध्ये केनियाच्या पूर्व भागात, माकुएनी आणि कितुई बाजूला, बुरशी लागलेल्या मक्यातल्या अफ्लाटॉक्सिनने १२५ माणसं दगावली. साडेतेरा टक्क्यांपेक्षा जास्त ओलावा नको.

ओलावामापक नसेल तर मिठाची परीक्षा करतात. कोरड्या काचेच्या बाटलीत चांगलं वाळवलेलं मीठ आणि मूठभर मका घालायचा, हलवायचं, दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर मका अजून ओला आहे.

आणि सोंडकिड्यांसाठी तीन पदरी हवाबंद पोती मिळतात. आत प्लॅस्टिकचे दोन थर, बाहेर विणलेलं पोतं. तोंड घट्ट बांधलं की आतला प्राणवायू संपून कीड मरते, औषध घालावं लागत नाही. साध्या पोत्यापेक्षा महाग पडतात, पण सात-आठ महिने ठेवायचं तर घ्याच.

भिशीवाली_काकू

मीठ भाजून घ्या हो आधी. नाहीतर मीठच ओलं असायचं आणि दोष मक्याला.

वाळव्याची_लेक

मंडळी, तीन आठवड्यांनी येतेय. उशिराबद्दल माफी.

उमेदताईंचा प्रश्न तिला जसाच्या तसा विचारला: घरी कुणाकुणाला माहीत आहे? ती जरा थांबली. म्हणाली, नवऱ्याला माहीत आहे, त्याची हरकत नाही. सासरच्या बाकी कोणाला नाही. गेल्या वर्षी तिने अशाच मक्यासाठी अकरा हजार जमवले होते. चुलतसासरा वारला, आणि वर्गणीत सगळे गेले. 'मी घरात बसून नाही म्हणू शकत नाही,' म्हणाली. 'पैसे घरात नसले तर मला खोटं बोलावं लागणार नाही.'

मी दहा पर्याय घेऊन गेले होते, इथले सगळे प्रतिसाद डोक्यात होते. तिने तिचाच पर्याय सांगितला. पैसे माझ्याकडेच राहू द्यायचे. बाजाराच्या दिवशी सकाळी तिने यायचं, तेवढ्या दिवसाच्या मक्याचे पैसे न्यायचे, संध्याकाळी माल आमच्या क्वार्टरच्या मागच्या रिकाम्या खोलीत आणून ठेवायचा. किल्ली तिच्याकडे. दुसरी किल्ली तिच्या चामाच्या अध्यक्षीणबाईंकडे. माझ्याकडे नाही. हे तिनेच ठरवलं. म्हणाली, 'तुला कुणी विचारलं तर तुलाही खोटं बोलायला नको.'

व्याजाचं मी नको म्हटलं. ती ऐकेना. चामात दहा टक्के महिना देते, तुला फुकट घेतलं तर पुढच्या वर्षी मागायला तोंड राहणार नाही, असं तिचं म्हणणं. शेवटी ठरलं ते असं: जूनमध्ये मुद्दल परत, आणि वर एक पोतं मका. मका आमच्याकडे कोण खातं? पण नवऱ्याला भाकरी आवडते आणि कारखान्यातले चार सांगलीकर आहेत, संपेल.

गेल्या गुरुवारी मला त्यांच्या चामात नेलं. आंब्याच्या झाडाखाली बसतात. सव्वीस जणी. अध्यक्षीणबाईंनी आमचा व्यवहार उभं राहून सगळ्यांना सांगितला, रकमेसकट. दादर_ते_दारेस्सलाम यांचं 'चारचौघींत द्या' आठवलं, इथे सव्वीस जणींत झालं. मग एका म्हातारीने विचारलं, पाऊस चांगला झाला आणि भाव चढलाच नाही तर? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मग तोटा अर्धा-अर्धा. यावर बरीच कुजबुज झाली आणि मग टाळ्या.

आत्तापर्यंत पाच पोती आली. दोन वेळा मका ओला निघाला, मीठ काचेला चिकटलं. आमच्या गच्चीवर ताडपत्री टाकून वाळवला. काकू, मीठ भाजूनच घेतलं होतं.

हिशेबनीस

तोटा अर्धा-अर्धा हे लिहून ठेवलंत का? दोन प्रती करा. एक तिच्याकडे, एक पेटीत.

वाळव्याची_लेक

केल्या काका. तिची सही आहे, माझी आहे, आणि पेटीच्या तिन्ही किल्ल्यावाल्यांचे अंगठे आहेत.

उमेदताई

ताई, एकच सांगते. जूनमध्ये विक्री झाली की पैसे तिच्या हातात एकदम येतील. त्या दिवसाचं आत्ताच बोलून ठेवा तिच्याशी.

वाळव्याची_लेक

बोलले. जूनला आलेल्या पैशांतून तिला आधी एक शेळी घ्यायची आहे, त्या गेलेल्या शेळीच्या जागी. उरलेले पुढच्या सुगीपर्यंत कुठे ठेवायचे ते अजून ठरायचंय. बुमालासारखं बँकेत खातं उघडावं असं मला वाटतं, ती म्हणते पेटीच बरी. उद्या बाजार आहे, सहावं पोतं येईल तेव्हा पुन्हा विचारते.